गाडी जहाजाने परदेशी पाठवायची आहे, पैसे कुठे वाचतील? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्याला समुद्र नाही, पण इथून बाहेर जाणारी माणसं कमी नाहीत. वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यांतले इंजिनिअर आफ्रिकेत जातात, नांदेड-परभणीची पोरं आखातात आहेत, लातूरकडचे डॉक्टर इंग्लंडमध्ये स्थिरावलेत. जाताना घरची गाडी न्यावी का आणि नेली तर खर्च कसा आवरावा, हे प्रश्न आमच्याकडे सतत येतात. बहुतेकांचा सगळा जोर जहाजाचं भाडं कमी करण्यावर असतो. खरा पैसा जातो तो दोन ठिकाणी: गाडी अंगणातून निघायच्या आधी न विचारलेल्या गोष्टींत आणि ती तिकडच्या बंदरात उतरल्यावर. म्हणून खालच्या उत्तरांत भाड्यापेक्षा या दोन टोकांबद्दल जास्त लिहिलं आहे.

मला बाहेर नोकरी लागली. गाडी न्यावी की इथेच विकावी?

दहापैकी बहुतेक वेळा विकावी. हे आम्ही स्पष्टच सांगतो, कारण न पाठवलेल्या गाडीवर जेवढे पैसे वाचतात तेवढे दुसऱ्या कुठल्याच युक्तीने वाचत नाहीत.

कागदावर साधा हिशोब मांडा. इथून बंदरापर्यंतचा खर्च, जहाजभाडं, विमा, तिकडचे बंदराचे आकार, आयात शुल्क, तिकडची तपासणी आणि नोंदणी, हे सगळं एका बाजूला लिहा. त्यात गाडी इथे विकून हातात येणारी रक्कमही मिळवा, कारण गाडी नेली की ती रक्कम मिळणार नाही. दुसऱ्या बाजूला तशीच गाडी तिकडे जुन्या बाजारात केवढ्याला मिळते ते लिहा. बहुतेकांचं उत्तर इथेच मिळतं.

न्यावी कोणी? ज्यांची गाडी बऱ्यापैकी नवी आणि महागडी आहे, जाणार तो देश डाव्या बाजूने चालणारा आहे आणि तिकडे स्थलांतर करणाऱ्याला शुल्कात सूट मिळते, त्यांनी. दुसरे म्हणजे वडिलांची जुनी जीप किंवा अॅम्बेसेडर जिवापाड जपणारे. त्यांना हिशोब सांगायची गरज नाही, नियम मात्र त्यांनीही आधी वाचावेत.

कोणत्या देशात आपली गाडी मुळात चालेल?

हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा आणि विचारला जातो सगळ्यात शेवटी, बुकिंगचे पैसे भरून झाल्यावर.

आपलं स्टिअरिंग उजवीकडे. दुबई, सौदी, ओमान, कतार इथे गाड्या डाव्या स्टिअरिंगच्या. आपली गाडी तिकडे नेऊन कायम वापरायचा विचार सोडून द्या. अमेरिकेत तिथल्या सुरक्षा मानकांप्रमाणे न बनलेली गाडी साधारणपणे २५ वर्षं जुनी झाल्यावरच आणता येते. कॅनडात हीच अट १५ वर्षांची आहे. म्हणजे तुमची चार वर्षांची एसयूव्ही तिकडे जाणार नाही, आजोबांची जुनी जीप कदाचित जाईल.

केनियात नियम उलटा: स्टिअरिंग उजवीकडेच हवं आणि गाडी ८ वर्षांपेक्षा जुनी नको. शिवाय तिकडचा कस्टम विभाग तुमचं बिल पाहून शुल्क ठरवत नाही. त्या मॉडेलची तिथली नव्या गाडीची ठरलेली किंमत घेतो आणि वयाप्रमाणे घसारा वजा करतो. ‘भावाने स्वस्तात दिली’ हे सांगून उपयोग नाही.

ऑस्ट्रेलियाला गाडी जहाजावर चढण्याच्या आधीच आयातीची मंजुरी लागते. वैयक्तिक गाडी म्हणून न्यायची तर ती परदेशात किमान १२ महिने तुमच्या मालकीची आणि वापरात असावी लागते. शिवाय गाडीत अॅस्बेस्टॉस अजिबात चालत नाही. जुन्या गाड्यांचे ब्रेक लायनर, क्लच प्लेट, गास्केट यांत ते असू शकतं. तिकडे तपासणीची वेळ आली तर त्या बिलात इथे सगळे भाग दोनदा बदलून झाले असते. म्हणून जुनी गाडी असेल तर हे भाग इथेच बदला आणि बिलं जपून ठेवा.

इंग्लंडला जातोय. गाडी वडिलांच्या नावावर आहे, काही फरक पडतो का?

खूप पडतो. आपल्याकडे गाडी बहुधा वडिलांच्या नाहीतर मोठ्या भावाच्या नावावर असते आणि चालवतो दुसराच. इथे कोणाला त्याचं काही वाटत नाही. ब्रिटनचा कस्टम विभाग मात्र स्थलांतराची करमाफी देताना पाहतो की गाडी कमीत कमी ६ महिने तुमच्याकडे आणि तुमच्या वापरात होती का, आणि तुम्ही स्वतः सलग १२ महिने ब्रिटनबाहेर राहत होता का. पुढे १२ महिने ती गाडी विकता, भाड्याने देता किंवा उसनी देता येत नाही.

यात किती पैसे आहेत ते पाहा. समजा गाडीची किंमत ६ लाख धरली आणि भाडं व विमा मिळून २ लाख. माफी नसेल तर ८ लाखांवर १० टक्के आयात शुल्क, म्हणजे ८० हजार. मग ८ लाख ८० हजारांवर २० टक्के व्हॅट, म्हणजे १ लाख ७६ हजार. एकूण २ लाख ५६ हजार रुपये. एजंटाशी घासाघीस करून भाड्यात दहा-पंधरा हजार कमी करणाऱ्या माणसाचे अडीच लाख केवळ आरसी बुकावरच्या नावामुळे जाऊ शकतात. जायचं नक्की झालं की आधी आरटीओत नाव बदलून घ्या, सहा महिने जाऊ द्या आणि माफीचा अर्ज गाडी पोचण्याच्या आधी करा.

याच हिशोबात आणखी एक गोष्ट आहे: शुल्क भाडं आणि विम्यासकट लागतं. म्हणजे माफी नसेल तर भाड्यात वाचलेल्या प्रत्येक रुपयामागे थोडा करही वाचतो.

गाडी १० वर्षांच्या आतली असेल तर तिकडे तिची स्वतंत्र तांत्रिक तपासणी होते. स्पीडोमीटरवर मैल दिसले पाहिजेत, मागे धुक्याचा दिवा पाहिजे. ही कामं आपल्याकडच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करून घेतली तर तिकडच्या गॅरेजच्या मजुरीपेक्षा कितीतरी स्वस्त पडतात.

रो-रो स्वस्त की कंटेनर?

रो-रो म्हणजे गाडी चालवत थेट जहाजाच्या पोटात नेऊन उभी करायची. जिथे ही सेवा मिळते तिथे ती बहुधा स्वस्त असते. पण मुंबई बंदरातून जाणारी ही जहाजं मुख्यतः कंपन्यांच्या नव्या गाड्यांसाठी असतात. तुमच्या एका वापरलेल्या गाडीला जागा मिळेलच असं नाही आणि त्या देशाला थेट फेरी असेलच असंही नाही. त्यामुळे मराठवाड्यातल्या बहुतेक गाड्या न्हावाशेवाहून कंटेनरनेच जातात.

रो-रोचं भाडं अनेकदा घनमीटरवर लागतं: लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची. इथे एक सोपी बचत आहे. चार मीटरच्या आतली आपली छोटी गाडी घ्या, ४ मीटर लांब, १.७ रुंद, १.५ उंच. होतात १०.२ घनमीटर. आता टपावर कॅरिअर आहे आणि त्याने उंची २० सेंटिमीटरने वाढली. झाले ११.५६. म्हणजे चार नट सोडवायचा कंटाळा केला म्हणून भाडं १३ टक्क्यांनी वाढलं! मोजमाप होण्याआधी कॅरिअर, लांब अँटेना, मागचा बंपर गार्ड, टो हुक काढून ठेवा. आरसे मिटवून मोजतात का, तेही विचारा.

वीस फुटी कंटेनर आतून साधारण ५.९ मीटर लांब आणि २.३५ मीटर रुंद असतो. गाडी सहज मावते. पण १.८ मीटर रुंदीची गाडी मधोमध उभी केली की दोन्ही बाजूंना जेमतेम वीतभर जागा उरते. चालवत आत नेणारा माणूस दार किलकिलं करून अंग चोरत, नाहीतर खिडकीतून बाहेर येतो. ओरखडे नेमके याच वेळी पडतात. म्हणून स्टफिंगच्या, म्हणजे गाडी कंटेनरमध्ये भरण्याच्या वेळी स्वतः हजर राहा, किंवा विश्वासातलं माणूस उभं करा आणि मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. चाकांखाली ठोकायचे लाकडी ठोकळे गावच्या वखारीतून बाभळीचे आणून चालत नाहीत. त्यावर कीडमुक्तीचा आंतरराष्ट्रीय शिक्का लागतो. शिक्का नसेल तर तिकडे धुरी देण्याचा खर्च, कधी अख्खा कंटेनर परत.

दोघा-तिघांनी मिळून एक कंटेनर घेतला तर?

चांगली बचत होते. चाळीस फुटी कंटेनरचं भाडं वीस फुटीच्या दुपटीपेक्षा सहसा बरंच कमी असतं. त्यात दोन गाड्या सरळ मावतात आणि स्टँड लावून तीन-चारही नेतात. एकाच कंपनीतून दोघं एकाच देशात चालले असतील तर हा विचार जरूर करा. पण एकाचे कागद अडले की दुसऱ्याची गाडीही अडते आणि दंड दोघांना बसतो. सोबती नीट निवडा, खर्चाची वाटणी लिहून ठेवा.

तीन एजंटांचे तीन दर आले आहेत. सगळ्यात कमीवाल्याला काम द्यावं का?

दर कमी आहे की अर्धाच सांगितला आहे, ते आधी बघा. फोनवर सांगितलेला आकडा बहुतेक वेळा नुसतं समुद्रभाडं असतं. दर लेखी मागा आणि त्यात पुढच्या गोष्टी आहेत का ते एकेक करून विचारा: इथला कस्टम ब्रोकर (कस्टमचं काम करून देणारा), टर्मिनल हाताळणी, स्टफिंग आणि गाडी बांधणं, बिल ऑफ लेडिंगचा (माल जहाजावर चढल्याची पावती, ती दाखवून तिकडे माल मिळतो) आकार, कंटेनरच्या प्रमाणित वजनाचा दाखला (१ जुलै २०१६ पासून त्याशिवाय कंटेनर जहाजावर चढत नाही), इंधन अधिभार. मग तिकडचा खर्च: टर्मिनल हाताळणी, डिलिव्हरी ऑर्डर (माल ताब्यात द्यायचा कागद), कंटेनर रिकामा करणं, क्लिअरन्स.

हा तिकडचा खर्च म्हणजेच खरं दुखणं. इथला एजंट समुद्रभाडं कमी लावतो आणि तिकडचा त्याचा भागीदार डिलिव्हरी ऑर्डर देताना भरून काढतो. गाडी त्याच्या ताब्यात असते, तुम्ही पैसे भरता. ‘तिकडचा खर्च तिकडे बघू’ असं म्हणणाऱ्याला काम देऊ नका. तिकडच्या भागीदाराचं नाव आणि त्याच्या आकारांची यादी हातात आल्याशिवाय अॅडव्हान्सही देऊ नका.

दुसरं, फ्री दिवस. कंटेनर बंदरात ठरलेल्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहिला की डेमरेज लागतं. तुम्ही बाहेर काढून वेळेत रिकामा परत केला नाही की डिटेन्शन. दोन्ही रोजच्या रोज वाढतात आणि टप्प्याटप्प्याने दरही चढतो. बुकिंग करतानाच तिकडे १४ फ्री दिवस मागा. बुकिंगच्या वेळी मागितलं तर पुष्कळदा मिळतं, जहाज लागल्यावर कोणी देत नाही. मूळ बिल ऑफ लेडिंग कुरिअरने पाठवण्याऐवजी टेलेक्स रिलीज (मूळ कागदाशिवाय माल सोडा असा संदेश) घेतलं तर कागद पोचायची वाट पाहण्यात दिवस जात नाहीत.

संभाजीनगरहून न्हावाशेवापर्यंत गाडी कशी न्यावी?

स्वतः चालवत नेणं सगळ्यात स्वस्त. अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. समृद्धी महामार्ग जून २०२५ पासून पूर्ण खुला झाल्यामुळे जालना आणि संभाजीनगरहून भिवंडीपर्यंत एका दमात जाता येतं. टोल आणि डिझेल धरूनही ट्रकवर चढवून नेण्यापेक्षा खर्च कमी. फक्त पोचायचा दिवस एजंटाशी पक्का करा. दोन दिवस आधी गाडी नेऊन सीएफएसमध्ये (बंदराजवळचं कंटेनर भरायचं ठिकाण) उभी केली तर तिथलंही भाडं लागतं. टाकीत इंधन पाव टाकीपेक्षा कमी असावं. कंटेनरसाठी तर जवळपास रिकामीच लागते.

घरचं सामानही बरंच असेल तर कंटेनर इथेच मागवून भरता येतो. वाळूजमधून मोटरसायकली आणि रिक्षांचे कंटेनर सतत बंदराकडे जात असतात, त्यामुळे या मार्गाची माहिती असलेले वाहतूकदार इथे मुबलक आहेत. त्यांच्याकडून थेट दर घ्या. मुंबईच्या एजंटाने मुंबईहून रिकामा कंटेनर पाठवला तर जाण्या-येण्याचं दोन्ही भाडं तुमच्या माथी येतं.

इथले कागद कोणते?

आरटीओची एनओसी आणि देशाबाहेर कायम नेत असाल तर नोंदणी रद्द करण्याचा अर्ज. एमएच-२० असो, २४ असो की २६, काम तुमच्याच आरटीओत होणार. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन बोजा उतरवून घ्या. ई-चलन बाकी असेल तर एनओसी अडते. पुण्याच्या एखाद्या सिग्नलवरचं विसरलेलं चलन अगदी शेवटच्या आठवड्यात निघतं, म्हणून ऑनलाइन आधीच तपासा. एकरकमी भरलेल्या रोड टॅक्सचा काही भाग गाडी राज्याबाहेर कायम गेल्यावर परत मागता येतो. अर्ज मात्र तुम्हालाच करावा लागतो, कोणी आपणहून देत नाही. फास्टॅग बंद करून त्यातली अनामत परत घ्या.

गाडीत सामान भरून पाठवलं तर एका भाड्यात दोन कामं होतील ना?

रो-रोमध्ये नाही, तिथे गाडी रिकामीच लागते. कंटेनरमध्ये चालतं, पण प्रत्येक वस्तू यादीत हवी. आणि कितीही मन झालं तरी डिकीत काळा मसाला, लोणच्याची बरणी, ज्वारीचं पीठ, शेंगदाणे ठेवू नका. आई प्रेमाने देते, पण ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये जैवसुरक्षा तपासणीत (बाहेरची कीड, बी आत येऊ नये म्हणून होणारी) त्या एका पिशवीमुळे अख्खा कंटेनर उघडतात आणि त्याचे पैसे तुमच्याकडून घेतात. भांडी, पुस्तकं, कपडे खुशाल भरा.

गाडी धुऊनच पाठवतो. वेगळं काय करायचं?

वरून चकाचक गाडी पुरत नाही, त्याच जैवसुरक्षा तपासणीत गाडीला चिकटलेली माती आणि बीही पकडतात. आपली काळी माती चिकट. पावसाळ्यात शेताच्या रस्त्याने एकदा गाडी घातली की ती मडगार्डच्या आतल्या कडेत, सस्पेन्शनच्या आर्मवर, सायलेन्सरच्या वर जाऊन बसते आणि सुकून दगड होते. नेहमीच्या वॉशिंग सेंटरवर पाइप मारला तर वरचा थर जातो, आतला तसाच राहतो. रेडिएटरच्या जाळीत सोयाबीनचा भुसा, कापसाचं बोंडूक, गवताचं बी अडकलेलं असतं. वायपरच्या खालचं प्लॅस्टिकचं आवरण काढलं की कडुलिंबाचा पाला निघतो.

लिफ्टवर चढवून, चारही चाकं आणि आतले फेंडर लायनर काढून, वाफेने धुऊन घ्या. गालिचे काढून व्हॅक्यूम करा, स्टेपनीची जागा विसरू नका. शेवटी उजेडात पांढऱ्या कापडाने खालून पुसून बघा. कापडावर माती आली तर परत धुवा. संभाजीनगरात या कामाला जे पैसे लागतील त्याच्या कितीतरी पट तिकडच्या बंदरात धुण्याला, परत तपासणीला आणि तोवरच्या स्टोरेजला लागतात. धुतल्यावर मात्र गाडी पुन्हा कच्च्या रस्त्यावर घालायची नाही, थेट बंदर.

गाडीचा विमा आहेच. वेगळा कशाला?

गाडीचा नेहमीचा विमा समुद्रात कामाचा नाही. सागरी विमा वेगळा घ्यावा लागतो आणि इथे काटकसर करू नये असं आमचं ठाम मत आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये फेलिसिटी एस नावाचं जहाज सुमारे चार हजार गाड्यांसह अटलांटिकमध्ये पेटलं आणि पुढे बुडालं. असं क्वचित होतं. पण ‘जनरल अॅव्हरेज’ नावाचा जुना सागरी नियम आहे: जहाज वाचवण्यासाठी झालेला खर्च सगळ्या मालधन्यांत वाटला जातो. मार्च २०२१ मध्ये एव्हर गिव्हन सुएझमध्ये अडकलं तेव्हा हेच झालं. तुमच्या गाडीला ओरखडाही नसला तरी वाटा भरल्याशिवाय ती मिळत नाही. विमा असेल तर तो वाटा कंपनी भरते.

बचत कुठे करायची ते सांगतो. जुन्या, कमी किमतीच्या गाडीला ओरखड्यांसकट सगळं कव्हर घेण्याऐवजी फक्त पूर्ण नुकसानीचं कव्हर पुरे, प्रीमियम बराच उतरतो. त्यात जनरल अॅव्हरेजचा वाटा धरला आहे ना, तेवढं विचारून घ्या. शिवाय इथली पॉलिसी बंद करताना नो क्लेम बोनसचं पत्र मागून घ्या. ते तीन वर्षं चालतं. परत येऊन नवी गाडी घेतली तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या (ओन डॅमेज) प्रीमियमवर ५० टक्क्यांपर्यंत सूट मिळते आणि काही परदेशी विमा कंपन्याही असा दाखला ग्राह्य धरतात.

कस्टमला किंमत कमी दाखवली तर?

दाखवू नका. पकडलं गेलं तर दंड, आणि नुकसान झालं तर विमाही त्याच कमी किमतीवर मिळणार. सरळ मार्ग आहे: परवानाधारक मूल्यांककाकडून गाडीचं वय, किलोमीटर आणि अवस्था धरून मूल्यांकन करून घ्या. खरी घसारा-किंमत पुष्कळदा मालकाच्या मनातल्या किमतीपेक्षा कमीच निघते.

कायम नाही, फक्त फिरायला गाडी न्यायची आहे.

मग आयात करू नका, कार्नेट काढा. हा गाडीचा पासपोर्ट समजा: ठरलेल्या मुदतीत गाडी परत नेणार अशी हमी असल्याने त्या देशात शुल्क भरावं लागत नाही. मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन ते देते. मुदत एक वर्षाची असते आणि गाडीची किंमत व देश पाहून बँक गॅरंटी द्यावी लागते. प्रत्येक सीमेवर आत जाताना आणि बाहेर पडताना शिक्का मारून घ्या. एक शिक्का राहिला तर गॅरंटी अडकते. नेपाळला कार्नेटची गरज नाही, सीमेवर रोजचा भन्सार (तिथलं सीमाशुल्क) भरून गाडी चालवत जाता येतं.

दुबईची गाडी गावी आणता येईल का?

नाही. भारतात येणारी वापरलेली गाडी उत्पादनापासून ३ वर्षांच्या आतली आणि उजव्या स्टिअरिंगची असावी लागते. आखातातली तिथेच बाद होते. इंग्लंड किंवा सिंगापूरची बसली तरी ती मुंबई बंदरातूनच यावी लागते आणि एकूण कर गाडीच्या किमतीपेक्षाही जास्त होतो. स्थलांतर करून परत येणाऱ्यांना घरसामानावर जी सवलत आहे, ती गाडीला नाही. तिकडेच विका.

एजंट खरा आहे हे कसं ओळखायचं?

कस्टम ब्रोकरचा परवाना क्रमांक मागा. स्वतःच्या नावाने बिल ऑफ लेडिंग देणारा असेल तर १९९३ च्या बहुविध वाहतूक कायद्याखाली नौवहन महासंचालनालयाकडची नोंदणी मागा. पैसे कंपनीच्या खात्यात जीएसटी बिलावर द्या, कोणाच्या वैयक्तिक यूपीआयवर नाही. गाडी चढली की कंटेनर नंबर घ्या आणि शिपिंग लाइनच्या साइटवर स्वतः टाकून बघा.

सीएनजी किंवा इलेक्ट्रिक गाडी चालते का?

सीएनजीचं सिलिंडर पूर्ण रिकामं करून दाखला लागतो. इलेक्ट्रिक गाडी धोकादायक माल म्हणून घोषित करावी लागते. काही शिपिंग लाइन वापरलेली इलेक्ट्रिक गाडी घेतच नाहीत, घेतात त्या अधिभार लावतात. आधी लाइनचा लेखी होकार, मगच पुढचं.

बुकिंग कधी करावं?

जायच्या दोन-तीन महिने आधी चौकशी सुरू करा. युरोप-अमेरिकेकडच्या मार्गांवर नाताळच्या मालामुळे ऑगस्ट ते ऑक्टोबरात दर चढे असतात. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे अनेक जहाजं आफ्रिकेला वळसा घालून गेली, तेव्हा दिवसही वाढले आणि भाडंही. त्यामुळे दर घेताना तो किती तारखेपर्यंत ग्राह्य आहे आणि जहाज कोणत्या मार्गाने जाणार आहे, हे दोन्ही लेखी घ्या. तिकडे पोचल्यावर पहिले काही आठवडे भाड्याच्या गाडीचा खर्चही हिशोबात धरा. जहाज उशिरा लागलं तर तोच वाढतो.